सी शिकताना कमांड लाइन आर्ग्युमेंट्स आधी का यावीत

मुंबईत अभियांत्रिकी आणि बीएस्सीच्या विद्यार्थ्यांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. लूप, फंक्शन, ॲरे, पॉइंटर, स्ट्रक्चर असे करत अभ्यासक्रम संपत येतो, जर्नलवर सह्या घ्यायची धावपळ सुरू होते, आणि मग उरलेल्या एखाद्या तासात कमांड लाइन आर्ग्युमेंट्स, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करतानाच कमांडच्या ओळीत त्याला दिलेले शब्द, हा विषय उरकला जातो. आर्गसी म्हणजे आर्ग्युमेंट्सची संख्या आणि आर्गव्ही म्हणजे त्यांची यादी, एवढे उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळतात आणि प्रकरण मिटते. माझे मत असे आहे की स्ट्रिंगची तोंडओळख झाल्याबरोबर हा विषय शिकवायला हवा, कारण विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमची बाहेरच्या जगाशी खरी गाठ इथेच पडते, आणि त्या गाठीत जे काही शिकण्यासारखे आहे ते दोन व्याख्यांत मावत नाही.

सध्या आपण पहिल्या तासापासून विद्यार्थ्याच्या हाती स्कॅनएफ हे कीबोर्डवरून माहिती वाचणारे फंक्शन देतो. प्रोग्रॅम सुरू झाला की पडद्यावर ‘संख्या द्या’ असे काहीतरी उमटते आणि समोरच्या माणसाने टाइप करेपर्यंत प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो. अशा प्रोग्रॅमसमोर कायम कुणीतरी बसलेले असावे लागते. तो शेल स्क्रिप्टमधून, म्हणजे कमांडांची यादी असलेल्या फाइलमधून, रात्री आपोआप चालवता येत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमला त्याचा सहज उपयोग करून घेता येत नाही, आणि दुरुस्ती केल्यावर तीच माहिती दर वेळी नव्याने भरावी लागते. इनपुट एखाद्या फाइलमधून वळवले तर हे थोडेफार साधते हे खरे, पण त्यासाठी प्रोग्रॅम कोणता प्रश्न कधी विचारतो ते पाठ असावे लागते. माहिती कमांडच्या ओळीतच दिली, तर वरचा बाण दाबून आधीची ओळ परत आणता येते, तीतला एक शब्द बदलता येतो आणि दहा वेगवेगळ्या चाचण्या मिनिटाभरात पार पडतात. विद्यार्थी ज्या जीसीसी या कंपायलरने आपला प्रोग्रॅम कंपाइल करतात, त्या जीसीसीलाही फाइलचे नाव आणि सारे पर्याय याच वाटेने मिळत असतात.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. मेन, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनची व्याख्या दोन पॅरामीटर घेऊन करता येते: पहिला इंट प्रकारचा आर्गसी आणि दुसरा कॅर पॉइंटरांचा ॲरे, म्हणजे आर्गव्ही. ही नावे केवळ रूढीने आलेली आहेत, कंपायलरला ती बंधनकारक नाहीत. तरीही ती बदलू नयेत, कारण जगभरातील सी वाचणाऱ्यांची नजर त्यांनाच सरावलेली आहे. आर्गव्ही[०] मध्ये साधारणपणे प्रोग्रॅमचे नाव असते, आर्गव्ही[१] पासून खरी आर्ग्युमेंट्स सुरू होतात, आणि आर्गव्ही[आर्गसी] हा नेहमी नल पॉइंटर, म्हणजे कशाकडेही निर्देश न करणारा पॉइंटर, असतो. ही शेवटची हमी १९८९ च्या पहिल्या सी मानकापासून आहे, पण वर्गात तिचा उल्लेख क्वचितच होतो. तिच्यामुळे आर्गसीकडे न पाहताही, नल येईपर्यंत पुढे सरकत संपूर्ण यादी वाचता येते. पॅरामीटरच्या जागी लिहिलेला ॲरे हा मुळात पॉइंटरच असतो, त्यामुळे आर्गव्हीवर साइझऑफ (बाइटांत आकार सांगणारी क्रिया) चालवून आर्ग्युमेंट्स मोजू पाहणाऱ्याला ६४ बिटांच्या संगणकावर दर वेळी ८ हेच उत्तर मिळते. संख्या हवी असेल तर ती आर्गसीतच आहे.

उदाहरणासाठी मी विद्यार्थ्यांना ‘लोकल’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला देतो. पश्चिम रेल्वेवरच्या दोन स्थानकांची नावे आर्ग्युमेंट म्हणून घ्यायची आणि त्यांच्या दरम्यान धीम्या गाडीचे किती थांबे येतात ते सांगायचे, एवढेच त्याचे काम. लिनक्सवर फाइलचे नाव देवनागरीतही ठेवता येते, त्यामुळे टर्मिनलवर ‘./लोकल महालक्ष्मी दादर’ अशी अस्सल मराठी कमांड देता येते. प्रोग्रॅमला आर्गसी ३ मिळतो आणि उत्तर येते २, कारण मध्ये लोअर परळ आणि प्रभादेवी ही स्थानके आहेत. इथवर सगळे सुरळीत चालते, आणि मग कुणीतरी ‘./लोकल चर्चगेट लोअर परळ’ अशी कमांड देतो.

या वेळी आर्गसी ४ होतो. ‘लोअर’ हे एक आर्ग्युमेंट आणि ‘परळ’ हे दुसरे. पश्चिम रेल्वे या बाबतीत शिक्षकाला फार उपयोगी पडते, कारण चर्चगेट सोडल्यावर लगेच मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड आणि मुंबई सेंट्रल अशी सलग चार स्थानके दोन-दोन शब्दांची आहेत, तेव्हा हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. इथे विद्यार्थ्याला प्रथमच कळते की त्याने टाइप केलेली ओळ प्रोग्रॅमपर्यंत जशीच्या तशी पोहोचत नाही. मध्ये शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड स्वीकारणारा प्रोग्रॅम, असते. ते ओळ वाचते, मोकळ्या जागांवर तिचे तुकडे करते, आणि ते तुकडे ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलकडे सोपवून प्रोग्रॅम सुरू करायला सांगते. ‘लोअर परळ’ दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिले की तो एकच तुकडा राहतो आणि अवतरणचिन्हे शेलपाशीच गळून पडतात. प्रोग्रॅमला ती दिसत नाहीत. हार्बर मार्गावरच्या किंग्ज सर्कलचे नाव इंग्रजी वर्णलेखनानुसार लिहिले, तर त्यात एक अपॉस्ट्रॉफी येते, शेल तिला एकेरी अवतरणाची सुरुवात समजते, आणि एंटर दाबल्यावरही ते अवतरण पुरे होण्याची वाट पाहत पुढची ओळ उघडून बसते. विद्यार्थ्याला वाटते की प्रोग्रॅम अडकला, वस्तुतः प्रोग्रॅम अजून सुरूच झालेला नसतो.

याच कुळातले दुसरे उदाहरण गुणाकाराचे आहे. साधा कॅल्क्युलेटर लिहून ‘./गणित ६ * ७’ अशी कमांड दिली, की प्रोग्रॅमला तारका मिळतच नाही; शेल तारकेच्या जागी त्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावे भरते. फोल्डरमध्ये वीस फाइली असतील तर आर्गसी २३ होतो. तारका अवतरणात ठेवली की अडचण सुटते, पण अडचण कुठे होती हे समजण्याची किंमत तिच्या उत्तरापेक्षा मोठी आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे काम उलट पद्धतीने चालते: तिथे प्रोग्रॅमला सबंध ओळ एकत्रच मिळते आणि तिचे तुकडे प्रोग्रॅमसोबत जोडलेली सीची रनटाइम लायब्ररी करते. जुन्या टर्बो सीवर शिकलेल्यांना रन मेनूतला आर्ग्युमेंट्स हा पर्याय आठवत असेल. तिथे शब्द भरायचे आणि प्रोग्रॅम चालवायचा. त्या सोयीमुळेच शेल नावाचा मधला दुवा कित्येकांच्या नजरेआड राहिला, असे मला वाटते.

मिळालेले प्रत्येक आर्ग्युमेंट ही स्ट्रिंग असते, मग ती कितीही संख्येसारखी दिसो. ‘१२’ हे आर्ग्युमेंट म्हणजे दोन अंकांची अक्षरे आणि शेवटी शून्य बाइट. तिची संख्या करण्यासाठी पुस्तकांतून सर्रास एटूआय हे फंक्शन वापरलेले दिसते आणि माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. एटूआयला ‘दादर’ दिले तर ते मुकाट्याने ० परत करते, ‘०’ दिले तरी ० च परत करते, आणि या दोन्हींत फरक करण्याचा कोणताही मार्ग ठेवत नाही. ‘१२मिनिटे’ दिले तर १२ घेऊन पुढचे सोडून देते. इंटमध्ये न मावणारी मोठी संख्या आली तर काय व्हावे हे मानकाने सांगितलेलेच नाही. स्ट्रटोल हे फंक्शन या सर्व बाबतींत प्रामाणिक आहे: वाचन जिथे थांबले तिथला पॉइंटर ते परत देते, मर्यादा ओलांडली तर एर्नो या चुकीची नोंद ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ईरेंज हा संकेत ठेवते, आणि म्हणून सर्व तपासण्या करता येतात. वाचन आरंभीच थांबले असेल तर संख्या नव्हतीच. मध्ये थांबले असेल तर मागे काहीतरी उरले आहे. एर्नो मात्र फंक्शन बोलावण्यापूर्वी आपण स्वतः ० करून ठेवावा लागतो.

स्ट्रटोलचा तिसरा पॅरामीटर, म्हणजे संख्या दशमान, अष्टमान अशा कोणत्या पद्धतीची आहे ते सांगणारा पाया, हाही लक्ष देण्याजोगा आहे. तिथे ० दिले तर फंक्शन पाया स्वतः ठरवते, आणि शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजते. लोकलची वेळ ‘०८:१२’ अशी आर्ग्युमेंटमधून घ्यायची असेल तर याचा चटका बसतो. अष्टमानात ८ हा अंकच नसल्यामुळे वाचन पहिल्या शून्यावर थांबते आणि सकाळची आठची गाडी मध्यरात्रीची होते. ‘०७:५५’ मात्र बरोबर वाचले जाते, त्यामुळे सात वाजेपर्यंतच्या गाड्यांवर चाचणी घेणाऱ्याला काहीच संशय येत नाही. पाया १० असा स्पष्ट लिहिला की आठ मिळतात, थांबलेला पॉइंटर विसर्गासारख्या चिन्हावर उभा असतो, आणि त्याच्या पुढच्या बाइटपासून मिनिटे वाचता येतात. या लेखात मी अंक देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलवर मात्र ते इंग्रजी अंकच टाइप करायला हवेत, कारण देवनागरी अंक स्ट्रटोलला अंक वाटत नाहीत आणि त्याचे वाचन पहिल्याच बाइटवर थांबते.

देवनागरी आर्ग्युमेंट्सचा हा मुद्दा मराठी विद्यार्थ्यांनी तरी बारकाईने पाहायलाच हवा. लिनक्सवर आर्ग्युमेंट यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत येते आणि त्यात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘मुंबई’ हे आर्ग्युमेंट दिले आणि त्याची लांबी स्ट्रलेन या फंक्शनने मोजली तर १५ येते: म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे, प्रत्येकी तीन बाइट. आर्गव्ही[१][०] म्हणजे ‘म’ असे समजून तो छापला तर पडद्यावर एक अनोळखी चौकट किंवा प्रश्नचिन्ह येते, कारण तो ‘म’चा फक्त पहिला तृतीयांश आहे. त्या बाइटचे मूल्य २२४ आहे, पण इंटेलच्या संगणकावर जीसीसी कॅर हा प्रकार चिन्हासह धरते, त्यामुळे संख्या म्हणून छापल्यास उणे ३२ दिसते. अशा उणे मूल्यावर इजअल्फा किंवा इजडिजिट (अक्षर आहे का, अंक आहे का हे तपासणारी फंक्शन्स) चालवणे मानकाच्या हमीबाहेरचे आहे. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये रूपांतर करणे आवश्यक आहे. इंग्रजी शब्दांवरच चाचण्या घेतल्या तर हे सारे झाकलेले राहते. विंडोजवर साध्या मेनला देवनागरी आर्ग्युमेंट्स बहुधा प्रश्नचिन्हे होऊनच मिळतात, आणि त्यासाठी तिथे डब्ल्यूमेन हे वेगळे फंक्शन आहे.

दोन स्ट्रिंगांची तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने करू नये, स्ट्रकंपने करावी, हे सगळे शिकवतात. त्या चिन्हाने पॉइंटरांची तुलना होते, मजकुराची होत नाही. पण स्ट्रकंपदेखील केवळ बाइट पाहते. ‘ग्रँट रोड’ हे नाव मराठीत दोन प्रकारे टाइप होते. काही कीबोर्डवर चंद्रबिंदू हे एकच चिन्ह उमटते, तर काहींवर आधी अर्धचंद्र आणि मग अनुस्वार अशी दोन चिन्हे उमटतात. पडद्यावर दोन्ही शब्द जवळपास सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात ‘ग्रँट’ १५ बाइटांचा होतो, दुसऱ्यात १८ बाइटांचा, आणि स्ट्रकंप त्यांना एक मानत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ही दोन रूपे एकत्र येत नाहीत. त्यामुळे ‘लोकल’च्या कोष्टकात ग्रँट रोडसारख्या नावांची दोन्ही रूपे नोंदवून ठेवणे हाच व्यवहार्य उपाय आहे. हिंदी किंवा इंग्रजीत लिहिलेल्या कोणत्याही सीच्या पुस्तकाने मला ही अडचण दाखवली नव्हती. ती आपल्या लिपीची आहे आणि आपल्यालाच हाताळावी लागणार आहे.

बाइटांचा हाच हिशेब सुरक्षिततेपाशीही येऊन पोहोचतो. स्थानकाच्या नावासाठी ५० बाइटांचा ॲरे घेऊन त्यात आर्गव्ही[१] स्ट्रसीपीवाय या नक्कल करणाऱ्या फंक्शनने उतरवून घेणारा कोड मी वारंवार पाहतो. पन्नास म्हणजे पुष्कळ झाले असे वाटते, परंतु ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ या नावात २६ देवनागरी चिन्हे आणि तीन मोकळ्या जागा आहेत, म्हणजे ८१ बाइट, आणि शेवटचा शून्य बाइट धरून ८२. ॲरेच्या पलीकडचे ३२ बाइट कशावर तरी लिहिले जातात. लिनक्सवर एक आर्ग्युमेंट १२८ किलोबाइटपर्यंत असू शकते, तेव्हा ॲरे थोडा मोठा करून प्रश्न सुटत नाही. खरे तर नक्कल करण्याची गरजच नसते: आर्गव्हीतल्या स्ट्रिंग प्रोग्रॅम संपेपर्यंत जागेवर राहतात अशी मानकाची हमी आहे, म्हणून पॉइंटर जपून ठेवला की पुरते. तसेच आलेले आर्ग्युमेंट प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनला पहिला पॅरामीटर म्हणून कधीही देऊ नये. त्यात टक्केचिन्ह असेल तर प्रिंटएफ त्याला आज्ञा समजते.

आर्गव्ही[०] मध्ये प्रोग्रॅमचे नाव असते असे वर म्हटले, तिथे ‘साधारणपणे’ हा शब्द मी हेतुपुरस्सर घातला. ते नाव प्रोग्रॅम सुरू करणारा देतो, आणि तो काहीही देऊ शकतो. लॉगिन करताना सुरू होणाऱ्या बॅश या शेलला ते नाव सुरुवातीला आडवी रेघ जोडून मिळते, आणि बिझीबॉक्स हा एकच प्रोग्रॅम याच नावावरून ठरवतो की आता आपण कोणत्या कमांडचे काम करायचे. इतकेच काय, सुरू करणारा रिकामी यादीही देऊ शकत असे, आणि मग आर्गसी ० होई. लिनक्सवर सर्वत्र आढळणाऱ्या पीकेएक्झेक या प्रोग्रॅममध्ये आर्ग्युमेंट्स वाचणारे लूप थेट १ पासून सुरू होत होते. आर्गसी ० असताना आर्गव्ही[०] हाच शेवटचा नल असतो, आणि मेमरीत त्याच्या लगेच पुढे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे प्रोग्रॅमला सोबत मिळणाऱ्या नाव-मूल्य जोड्यांची, यादी सुरू होते. त्यामुळे आर्गव्ही[१] म्हणून वाचलेली आणि पुढे लिहिलेली जागा प्रत्यक्षात एन्व्हायर्नमेंटची होती. या एका फटीतून साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे संगणकावरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवता येत होते. हा दोष २००९ पासून त्या कोडमध्ये होता आणि क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केला. सुरक्षादोषांच्या सीव्हीई या यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४ आहे. त्यानंतर लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीपासून कर्नल रिकाम्या यादीत स्वतःहून एक रिकामी स्ट्रिंग घालू लागले. आर्गसी तपासल्याशिवाय आर्गव्हीला हात लावायचा नाही, हे मी वर्गात सांगतो तेव्हा याच घटनेचा दाखला देतो.

ती तपासणी अगदी पहिल्या ओळीत यावी. आर्ग्युमेंट्स अपुरी असतील तर कमांड कशी द्यायची याचा एक ओळीचा संदेश छापावा, तो एसटीडीएरर या चुकांच्या संदेशांसाठीच्या वाटेवर छापावा, आणि मेनमधून शून्येतर मूल्य परत करावे. संदेश एसटीडीआउट या नेहमीच्या निकालाच्या वाटेवर गेला तर निकाल फाइलमध्ये वळवणाऱ्याला तो दिसतच नाही, आणि परतीचे मूल्य ० राहिले तर स्क्रिप्टला सगळे यशस्वी झाले असे वाटते. संख्या तपासून झाल्यावर रिकाम्या स्ट्रिंगचाही विचार करावा, कारण दोन अवतरणचिन्हांमध्ये काहीच न लिहिता दिलेले आर्ग्युमेंट आर्गसीत मोजले जाते, पण त्याची लांबी ० असते.

पर्याय वाढू लागले की हाताने तुलना करत बसू नये. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातले गेटऑप्ट हे फंक्शन वापरावे. त्याला पर्यायांची अक्षरे एका स्ट्रिंगमध्ये दिली जातात, अक्षरापुढे विसर्गासारखे चिन्ह असेल तर त्या पर्यायाला स्वतःचे मूल्य हवे असे तो समजतो आणि ते मूल्य ऑप्टआर्गमध्ये ठेवतो. पर्याय संपले की तो उणे १ परत करतो आणि उरलेली आर्ग्युमेंट्स ऑप्टइंडपासून पुढे वाचायची असतात. एका अक्षराच्या पर्यायासाठी देवनागरी अक्षर चालत नाही, कारण गेटऑप्ट एकेक बाइट पाहतो; पण ग्नूच्या गेटऑप्ट_लाँगमध्ये ‘--वेळ=०८:१२’ असा पूर्ण मराठी पर्याय देता येतो, कारण तिथे नावाची तुलना स्ट्रिंग म्हणून होते. विद्यार्थ्यांना हे पाहून मनापासून आनंद होतो आणि मलाही होतो.

एक गोष्ट मात्र आर्ग्युमेंटमधून कधीच घेऊ नये, ती म्हणजे पासवर्ड. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची आर्ग्युमेंट्स प्रॉक फाइल सिस्टीममध्ये उघडी असतात आणि त्याच संगणकावरचा दुसरा वापरकर्ता पीएस ही कमांड देऊन ती सहसा वाचू शकतो. शिवाय शेल आपल्या इतिहासाच्या फाइलमध्ये ती ओळ जपून ठेवते. पासवर्ड हवा असेल तर तो टर्मिनलवर अक्षरे न उमटवता विचारावा, किंवा फक्त मालकालाच वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवावा आणि त्या फाइलचे नाव आर्ग्युमेंट म्हणून द्यावे.